बोटाने उघडलेले दार

१

मंगळवारी सकाळी, पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी, शहराच्या कडेला असलेल्या कारखान्यांच्या वस्तीत, विजेच्या जळालेल्या मोटारींत नव्या तारा भरून देणाऱ्या एका कारखान्याच्या भट्टीत, त्या कारखान्याचे मालक मृतावस्थेत आढळले. त्यांना सगळे दादा म्हणत. ते आढळले त्यांच्या धाकट्या भावाच्या विधवेला. तिला सगळे वहिनी म्हणत, आणि दुपार व्हायच्या आत त्यांतले निम्मे लोक तिला खुनी म्हणू लागले होते.

भट्टी म्हणजे विस्तवाची नव्हे. जाड पत्र्याची, माणूस उभा राहील एवढी खोली. भिंतींत विजेचे हीटर, छताला गरम हवा घुसळणारा पंखा. तारा भरून वार्निशात बुडवलेल्या मोटारी चाकांच्या ट्रॉल्यांवर चढवून तिच्यात ढकलायच्या आणि रात्रभर भाजायच्या. आठवड्यातून एकदा, सोमवारी संध्याकाळी, ती लागे. भट्टी सांभाळणारा म्हातारा, ज्याला भट्टीकाका म्हणत, हीटरचे घड्याळ लावून घरी जाई; आणि हीटर आपोआप सुरू होण्यापूर्वी दादा एकटे आत शिरून प्रत्येक मोटारीच्या तारांवरून हात फिरवत. याला कारखान्यात ‘शेवटचा हात’ म्हणत. आत जाताना दादा दार ओढून घेत, कारण ओल्या वार्निशावर धुळीचा कण बसलेला त्यांना खपत नसे. दाराला कडी नव्हती. ती असता कामा नये, हा त्यांच्या वडिलांच्या वेळचा दंडक होता. दार धरून ठेवी ते फक्त लोहचुंबक, आणि आतून खांदा लावला की ते सुटे.

त्या सकाळी वहिनी वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून उतरली, तेव्हा दादांचा चष्मा भट्टीबाहेरच्या खिळ्याला टांगलेला होता. आत जाताना ते तो काढून ठेवत, बाहेर आल्यावर पुन्हा घालत. तो अजून खिळ्यालाच होता.

“दार तुम्ही उघडलंत?” तपासाला आलेल्या अधिकाऱ्याने विचारले. हा गृहस्थ उंच, हडकुळा, आणि स्वतःशीसुद्धा वाद घातल्याशिवाय कोणतीही गोष्ट पदरात न घेणारा होता. त्याच्या हाताखालचे लोक पाठीमागे त्याला ‘किंतुसाहेब’ म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होते.

“हो.”

“जोर लावावा लागला असेल?”

वहिनीला एवढे कळत होते की ‘हो’ म्हटले तर दार अडकले होते असे ठरेल आणि ती सुटेल. भट्टीच्या दाराच्या आतल्या अंगाला पान्याने ठोकल्याच्या ताज्या खुणा सर्वांनी पाहिल्या होत्या. दादांना बाहेर यायचे होते, आणि दार उघडले नव्हते.

“नाही,” ती म्हणाली. “बोटानं उघडलं.”

किंतुसाहेबांनी दार न्याहाळले. चौकटीत चार चकचकीत चकत्या बसवल्या होत्या, प्रत्येक कोटाच्या बटणाएवढी. त्यांच्यासमोर दाराच्या कडेवरचा रंग खरवडून पत्रा उघडा केलेला. बिजागऱ्यांवरून तेलाचे ओघळ आले होते. साहेब आत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतले. मग दार अलगद, एखाद्या कपाटाचे उघडावे तसे, उघडले. आणि फटीतून साहेबांची करंगळी दिसली.

“तर मग काल हे दार कुणीतरी बाहेरून अडवलं होतं,” ते म्हणाले. “ही बाहेरची अवजड ट्रॉली लावली, तरी पुरे. काल संध्याकाळी बाहेर कोण होतं?”

“मी,” वहिनी म्हणाली. “मी एकटीच.”

२

कचेरी म्हणजे कारखान्याच्या कोपऱ्यात फळ्यांनी आखलेली एक चौकोनी जागा. टेबल, लोखंडी कपाट, चार खुर्च्या. वहिनीला दाराकडे पाठ करून बसवले होते, आणि दारात हवालदार.

“काल दुपारी दादांशी तुमचं वाजलं म्हणे.”

“वाजलं.”

“कशावरून?”

“मला जायचं होतं. लांबच्या एका तंत्रशाळेत बायकांना मोटारी भरायला शिकवायची जागा आहे. ते म्हणाले, या कारखान्यातून आजवर कुणी गेलेलं नाही, तूही जाणार नाहीस.”

“त्यावर तुम्ही काय म्हणालात?”

वहिनीने पदराचे टोक मुठीत धरले. “म्हणाले, मग एक दिवस तुम्हीच आत राहाल, आणि आम्ही सगळे बाहेर असू.”

हवालदाराने मान वळवून तिच्याकडे पाहिले. किंतुसाहेबांनी नाही.

“संध्याकाळी काही ऐकू आलं?”

“ठोकल्याचे आवाज आले. भट्टीचा पंखा फार घोंघावतो, बोलणं कळत नाही. मी पलीकडच्या टोकाला तार गुंडाळायच्या मशीनवर होते. मला वाटलं, राग काढताहेत. राग आला की ते वस्तू आपटायचे. आम्हाला सवय होती.” ती थांबली. “मी मशीन बंद केलं नाही. मुद्दाम केलं नाही. आपटू दे म्हटलं. मग आवाज थांबले, तेव्हा वाटलं, गेले घरी, न सांगता. मी वर जाऊन झोपले.”



“बाई,” किंतुसाहेब म्हणाले, “तुम्ही स्वतःच्या विरुद्ध इतकं नीटनेटकं बोलता, की मला काही करायला उरतच नाही. भांडण तुम्ही कबूल करता, एकट्या असल्याचं कबूल करता, आवाज ऐकून न उठल्याचं कबूल करता. आणि दार बोटानं उघडलं, हे तर सांगायची गरजही नव्हती. मी तुम्हाला वाट करून दिली होती.”

“जे झालं ते सांगितलं.”

“मान्य. किंतु तेवढ्यावरसुद्धा तुम्हाला संध्याकाळपर्यंत घेऊन जावं लागेल मला. नाही नेलं तर माझे वरिष्ठ मलाच नेतील.”

तिला शेजारच्या कोठीत बसवण्यात आले. तांब्याच्या तारेची रिळे छतापर्यंत रचलेली, खिडकीला गज, हवेत वार्निशाचा गोडसर, डोके चढवणारा वास. आजवर या कोठीत ती हजारदा आली होती, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या पायांनी बाहेर गेली होती. पाठीमागे कडी सरकल्याचा आवाज झाला. दादांनी काल संध्याकाळी दाराला हात लावला तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे तिला नको असताना कळले.

३

फळ्यांच्या भिंतीला डोळा लावता येईल एवढी फट होती. वहिनीला फटीतून बघायचे नव्हते. परंतु माणूस कोंडला गेला की जिथून उजेड येतो तिथे आपोआप जाऊन उभा राहतो.

दादांचे जावई कालच्या दुपारी कामानिमित्त परगावी गेले होते. बसमधून उतरले ते हवालदाराच्या सोबतीने थेट कचेरीत आले. भट्टीकाकांनी त्यांना फोनवर ‘दादा गेले, भट्टीत गेले, लगेच या’ एवढेच सांगितले होते. म्हाताऱ्याला त्यापुढे बोलवेना. जावईबापू रडून लाल झालेल्या डोळ्यांनी खुर्चीत बसले. नीट कापडाचा सदरा, खिशाला पेन. एका अंगठ्याचे नख काळेनिळे झालेले.

“अंगठ्याला काय झालं?”

“गाडीच्या दारात चेंगरला. साहेब, दादांना… फार त्रास झाला का हो?”

“ते नंतर. भट्टीचं दार कसं आहे, ते सांगा.”

“दार?” जावईबापूंनी डोळे पुसले. “दाराचं काय, बोट लावलं तरी उघडतं. जुनं लोहचुंबक एका फुटक्या स्पीकरमधलं होतं, चांगलं ताटाएवढं. गेल्या आठवड्यात ते पडून दुभंगलं, म्हणून मीच या चकत्या आणून बसवल्या. मुद्दाम लहान घेतल्या. दादांचं वय झालं होतं. म्हटलं, उगीच जोर नको लागायला. मला विचाराल तर त्यांना आतच झटका आला असणार. वार्निशाची वाफ, ती गरमी… दाराचा यात काही दोष नाही.”

“झटका नाही. ते पान्यानं दार ठोकत होते.”

किंतुसाहेब उठून कपाटाशी गेले होते आणि त्यावर लावलेल्या कॅलेंडरशी त्यांची काहीतरी झटापट चालली होती. “छे!” असे म्हणून त्यांनी बोट चोखले.

“ठोकत होते?” जावईबापू अखेर म्हणाले. “म्हणजे मग… दार कुणीतरी धरलं असणार.”

“कोण?”

“मी कोणाचं नाव घेऊ, साहेब? घरातलीच माणसं. पण सोमवारी संध्याकाळी मागे फक्त काकू असतात. आणि काकूंना दादांचा किती राग होता, हे भिंतींनासुद्धा माहीत आहे.”

वहिनीने कपाळ फळीला टेकवले. काकू म्हणून हाक मारणाऱ्या या माणसाच्या लग्नात तिने मिरवून पाहुण्यांना वाढले होते. पण तिला खरा चटका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. दार बोटाने उघडते, हे घरात फक्त तिने म्हटले होते. आता त्याला साक्षीदार मिळाला होता. तिचे खरे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून शाबीत झाले होते, आणि तेच तिला गजांआड धाडणार होते.

४

“मी काय करू ते सांगा, साहेब,” भट्टीकाका खुर्चीत न बसता उभ्यानेच म्हणाले. “मला तर वाटतंय, त्या भट्टीत शिरून स्वतःच दार लावून घ्यावं.”

“ते करू नका, दार लागणार नाही. बसा. आणि तुम्हाला जे काहीच महत्त्वाचं वाटत नाही, ते सांगा. महत्त्वाचं सगळं मला लोकांनी आधीच सांगितलंय, आणि त्यातून फक्त वहिनी गुन्हेगार ठरतात.”

“वहिनी?” म्हातारा खवळला. “ती पोर मुंगी मेली तरी दोन दिवस हळहळते! साहेब, तुमची अक्कल कुठं चरायला गेलीय का?”

“असू शकेल. ती परत आणायला मदत करा. काल तुम्ही ते दार हाताळलंत?”

“मोटारी चढवायच्या म्हणजे हाताळणारच. चौकटीला पाय लावला आणि दोन्ही हातांनी कडं धरून ओढलं, तेव्हा कुठं हललं. मग मध्ये वीट ठेवली, पुन्हा लागू नये म्हणून. दादा आत जाताना ती काढायचे.”

फटीपलीकडे वहिनीने डोळा फळीला घट्ट टेकवला.

“पाय लावून?” साहेबांनी हळूच विचारले.

“मग काय तर! गेल्या आठवड्यापासून बिजागऱ्या धरल्यात. तेल घातलं, फरक नाही. दुसऱ्या दिवशी आणखी घातलं. दादांना म्हटलं, दार जड झालंय. तर मलाच म्हणाले, ‘दार नाही जड झालं काका, तुमचे हात हलके झाले.’ ते स्वतः फक्त भट्टी लावायच्या दिवशी आत जायचे ना. त्यांना काय कळणार?”

“आणि लोहचुंबकाची शंका नाही आली?”

“कुणाची? त्या बटणांची?” एवढ्या दुःखातही काकांना हसू फुटले. “जुनं ताट होतं, तेव्हा खांदा लावला की दार सुटायचं. ताटाला जे जमलं नाही ते बटणाला जमेल काय? मी मनात म्हटलं, बिजागरीच. तसं त्यांनी जावईबापूंना मात्र चांगलंच चावलं.”

“कुणी?”

“बटणांनी हो. बसवताना दोन चकत्या एकमेकींवर आपटल्या आणि मध्ये यांचा अंगठा. अशी किंकाळी फोडली, की मला वाटलं, पंख्यात हात गेला!”

किंतुसाहेबांनी डोळे मिटले. “काका, दार जड झाल्यापासून कालपर्यंत भट्टी एकदा तरी लागली होती का?”

“नाही. नव्या चकत्यांवरची कालची पहिलीच.”

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. कोठीची कडी निघाली. साहेब उंबऱ्यात उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, परंतु वाद सापडल्याचा एक विलक्षण तजेला होता.

“वहिनी, मी धरून चालतो की तुम्ही खोटं बोलत नाही. भट्टीकाकाही बोलत नाहीत. तर मग जे दार काल दोन हातांना आणि एका पायाला सहजी दाद देत नव्हतं, ते आज सकाळी तुमच्या बोटाला का वश झालं?”

सकाळपासून ती निराशेत स्थिर बसली होती. आता कुठेतरी फट दिसली, आणि प्रथमच ती आपणहून उंबऱ्याकडे निघाली.

५

जावईबापूंनाही पुन्हा बोलावले, आणि चौघेही कचेरीत जमले. साहेबांच्या सांगण्यावरून हवालदाराने दार लावले आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला. त्यामुळे आता कोणी कोणाला कोंडले होते, हे सांगणे अवघड झाले.

“जावईबापू, हे कॅलेंडर कपाटाला कशानं लावलंय?”

“चकतीनं. पाकिटात पाच होत्या. चार दाराला लागल्या, पाचवी इथं.”

“त्याच पाकिटातली, त्याच मापाची?”

“हो. का?”

“काढा पाहू. मी मघाशी प्रयत्न केला, माझं नख गेलं.”

जावईबापू जागचे हलले नाहीत. भट्टीकाकांनी पुढे होऊन चकती ओढली, मग पिरगाळली. शेवटी खिशातला पाना काढून तिला कडेपर्यंत घसटत नेली, तेव्हा ती सुटली आणि लगेच त्याच पान्याला खटकन चिकटली.

“अरे!” काका पान्याकडे बघत राहिले.

“आता ती तुमच्या नमुन्याच्या छोट्या भट्टीत ठेवा, तारेचे तुकडे भाजून बघता त्या. मोठी भट्टी काल जेवढी तापली तेवढीच तापवा.”

“अहो, कशाला उगीच?” जावईबापू उठले. “खराब होईल ती.”

“होईल?” किंतुसाहेब वळले. “कशानं?”

“म्हणजे… वितळेल वगैरे.”

“लोखंडाच्या भाऊबंदातली वस्तू वार्निश वाळवायच्या आचेवर वितळेल, असं मोटारींच्या कारखान्यातला माणूस म्हणतो. बसा.”

कचेरीच्या कोपऱ्यातल्या त्या टेबलाएवढ्या भट्टीचा दिवा लागला. वाट बघण्याखेरीज काही करायचे नव्हते. वहिनी कचेरीच्या खिडकीच्या काचेतून आपल्या मशीनकडे पाहत होती. कालची तारेची कॉइल अजून अर्धवट होती. ठोकल्याचा प्रत्येक आवाज आता तिच्या कानांत नव्याने येत होता. चकती काहीही सांगो, त्या वेळी मशीन बंद न करणारे हात तिचेच राहणार होते.

“काकू, पाणी हवं का?” जावईबापूंनी विचारले. फार दिवसांनी त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता.

“नको.”

“घ्या हो. तुमचा चेहरा उतरलाय.”

“तिचा उतरलाय तो उतरू दे,” भट्टीकाका पुटपुटले. “तुमचा आत्ताच का उतरला, त्याचं बघा.”

चकती बाहेर काढून टेबलफॅनसमोर गार होऊ दिली. साहेबांनी ती पुन्हा कपाटाला लावली आणि मागे झाले. ती चिकटली. काकांचा चेहरा पडला. मग साहेबांनी वहिनीकडे पाहिले.

“या. तुम्हीच.”

ती उठली. तिने एक बोट चकतीच्या कडेला लावले. आणि चकती एखाद्या सुकलेल्या टिकलीसारखी सुटून तिच्या तळहातावर पडली.

६

“आता वाद घालू,” किंतुसाहेब खुर्चीत बसत म्हणाले, “आणि तुम्हाला कुठं हरकत असेल तिथं मला अडवा, जावईबापू, मी ऐकेन. वस्तू केवढी आहे ते पाहून तिचा जोर ठरवण्याची आपल्याला खोड असते. लोहचुंबकाच्या बाबतीत ती दगा देते. एकाच जातीची दोन घेतली, तर थोरलं धाकट्यापेक्षा जास्त ओढतं, हे खरं. पण जात बदलली की हिशेब बदलतो. तुमचं जुनं ताट काळ्या, ठिसूळ जातीचं होतं. अंगानं मोठं, जोरानं बेताचं. पण भाजलं तरी त्याचं काही बिघडत नसे. इतक्या वर्षांच्या आचेत ते होतं तसंच राहिलं. ही चकती नव्या जातीची. बटणाएवढी, आणि ताटाला लाजवील अशी. मात्र हिच्या साध्या प्रकाराला आच सोसत नाही. एकदा कडक तापली, की जोर उतरतो आणि गार झाल्यावरही परत येत नाही. गंमत ही, की दिसते तशीच. तेच माप, तीच चकाकी.”

“म्हणजे दार…” वहिनी म्हणाली.

“काल संध्याकाळी दार या चार चकत्यांनी धरलं होतं. बाहेरून ओढायला कडं आहे, पाय लावायला चौकट आहे, तरी काकांचा घाम निघाला. आत सपाट पत्रा, पायांखाली वार्निश सांडून गुळगुळीत झालेली जमीन, आणि पाठ टेकावी तर चाकांची ट्रॉली, जी मागे सरकते. दादा कितीही दांडगे असोत. जोर लावायला पाय रोवावा लागतो, आणि तिथं पाय रोवायला जागा नव्हती. मग हीटर सुरू झाले. दादा गेले, त्यानंतर आच चढत गेली आणि तिनं चकत्याही मारल्या. सकाळी उरलं ते बोटानं उघडणारं दार. ज्यानं माणूस कोंडला, त्या कुलपानं रात्रीत स्वतःलाच पुसून टाकलं. त्या वेळी बाहेर कुणी उभं असण्याची गरजच नव्हती. उलट, परगावी असलेल्या माणसाला ते फार सोयीचं होतं.”

“मी नकळत बसवल्या!” जावईबापूंचा आवाज चढला. “लहान दिसल्या म्हणून घेतल्या. यांना तरी कुठं कळलं? काकांना? काकूंना?”

“मान्य. किंतु या दोघांना चकतीनं चावा घेतला नव्हता. तुम्हाला घेतला. अंगठा गाडीच्या दारात चेंगरला, असं तुम्ही मला का सांगितलंत? आणि दुसरं. अशा लहान चकतीची पकड अगदी जवळून असते. मध्ये रंगाचा जाड थर आला तरी ती बरीच ढिली पडते. ज्याला दार हलकं हवं, तो रंग राहू देईल. तुम्ही तो खरवडून काढलात.”

“तेवढ्यावरून खून?”

“नाही, तेवढ्यावरून निष्काळजीपणा. खून तुमच्या तोंडून निघाला. बसमधून उतरून तुम्ही या खुर्चीत बसलात, दाराकडे फिरकला नव्हतात, कुणाशी त्याबद्दल बोलला नव्हतात. मी विचारलं, दार कसं आहे? तुम्ही म्हणालात, बोट लावलं तरी उघडतं. तुम्ही निघालात त्या दुपारपर्यंत ते दार दोन हातांनाही उघडत नव्हतं. चकत्यांचा जोर तुमचा अंगठा जाणत होता. निरपराध माणूस म्हणाला असता, दार जरा घट्ट झालंय, साहेब. ते बोटानं उघडेल, हे आज सकाळी दोघांनाच कळणं शक्य होतं: एक ते उघडणाऱ्या वहिनींना, आणि दुसरं, आच चकत्यांचं काय करते हे आधीपासून जाणणाऱ्याला. दार हलकं आहे म्हटलं, की दादांना झटका आला असं ठरणार होतं. पान्याच्या खुणांचा तुम्ही विचार केला नव्हता. त्या निघाल्या, तेव्हा तुम्ही वहिनींना पुढं केलंत.”

जावईबापूंनी काकांकडे, मग हवालदाराच्या पाठीमागच्या दाराकडे पाहिले.

“काल गिऱ्हाईक म्हणून ज्याला भेटायला गेलात,” साहेब शांतपणे म्हणाले, “त्याला आम्ही फोन केला होता. त्याला मोटारी भरून घ्यायच्या नव्हत्या. त्याला ही जागा हवी होती, आणि तुम्ही ती द्यायचं कबूल करून बसला होतात.”

“दादांनी ती जन्मात सोडली नसती!” जावईबापू एकदम फुटले. “मी लग्न करून आलो आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या हातात किल्ल्या दिल्या. लोकांना वाटलं, मान दिला. मला त्या दिवसापासून श्वास घेता आला नाही, साहेब! काकूंनी निदान तोंडावर सांगितलं, मी जाते म्हणून. काय केलं त्यांनी? हसले! मग मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? जावई मी, मला तर भांडायचीसुद्धा सोय नव्हती.”

वहिनीने त्यांच्याकडे पाहिले. राग यायला हवा होता. आला तो नंतर, फार उशिरा आणि फार दिवस राहण्यासाठी. त्या क्षणी तिला एवढेच जाणवले, की या छपराखाली आपल्या शेजारच्या टेबलाशी आणखी एक माणूस तेच दार शोधत बसला होता, आणि तिने त्याला कधी विचारले नव्हते.

“तुम्हाला जायचं होतं, तर जायचं होतं,” ती म्हणाली. “त्यांना कशाला आत ठेवलंत?”

हवालदाराने जावईबापूंच्या दंडाला धरले. भट्टीकाका दोन्ही हातांत तोंड लपवून खाली बसले.

किंतुसाहेबांनी चकती टेबलावर ठेवली, उभे राहिले, आणि हवालदाराला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाले:

“दादांचा मृत्यू हा अपघात नव्हे, खून आहे. तो त्यांच्या जावयानं केला. वहिनींचा त्यात काहीही हात नाही. त्यांना जिथं जायचं असेल तिथं त्या जाऊ शकतात.”